अकरावी सायन्सचा रसायनशास्त्राचा वर्ग: अपेक्षा कशा सांगाव्यात, आधार कसा द्यावा

अकरावीच्या पहिल्या तासाला फळ्यावर बहुतेक ठिकाणी एकच यादी उतरते. ७५ टक्के हजेरी, जर्नल वेळेवर, एप्रनशिवाय लॅबमध्ये प्रवेश नाही, रोजचा अभ्यास रोज. मुलं ती मुकाट्याने उतरवून घेतात. पुढे वर्षभर "तुम्हाला आधीच सांगितलं होतं" असं सुनावायला ती कामी येते. पण रसायनशास्त्रात "रोजचा अभ्यास" म्हणजे घरी गेल्यावर नेमकं काय करायचं, हे दहावीतून नुकत्याच आलेल्या मुलाला त्या यादीतून कळत नाही.

हा लेख राज्य मंडळाच्या ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणाऱ्यांसाठी आहे. पालकांनी आणि मुलांनी वाचला तरी हरकत नाही. माझं म्हणणं एवढंच की प्रत्येक अपेक्षेबरोबर तीन गोष्टी असाव्यात. ती पुरी झाली म्हणजे वहीत काय दिसेल, ती कशी करायची हे वर्गात एकदा करून दाखवलेलं असणं, आणि अडलं तर कुठे, कधी यायचं. तिसरी गोष्ट आपल्याला देता येत नसेल, तर ती अपेक्षा यादीतून काढून टाकावी. तशी अपेक्षा म्हणजे नुसती दमदाटी.

आधी वर्गात कोण बसलंय ते पाहा

एकाच बाकावर जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेली मुलगी, शेजारी सेमी इंग्रजीचा मुलगा आणि मागे सीबीएसईतून आलेला तिसरा, असं चित्र आता तालुक्याच्या गावीही दिसतं. सायन्सचं पुस्तक आणि पेपर मात्र सगळ्यांना इंग्रजीतच. शिवाय २०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले. फेऱ्या लांबतात, आणि पहिलं प्रकरण संपत आलं तरी नवीन चेहरे येत राहतात. उशिरा आलेल्यांना "मित्राची वही उतरवून घे" एवढंच सांगितलं, की ती मुलं दिवाळीपर्यंत मागेच राहतात. त्यांच्यासाठी झालेल्या भागाची दोन पानांची टिपणं आणि सोडवलेली पाच उदाहरणं तयार ठेवा. मधल्या सुट्टीत एकदा जवळ बसवून वही कुठून सुरू करायची ते दाखवा.

पहिल्या आठवड्यात २० मिनिटांची एक चाचणी घ्या. गुण द्यायचे नाहीत, पण नाव लिहायला सांगा. मुलांना आधीच सांगा की ही चाचणी सरांसाठी आहे. प्रश्न असे:

१. पाणी उकळताना जे बुडबुडे येतात, त्यांत काय असतं? (हायड्रोजन आणि ऑक्सिजन असं उत्तर बरीच मुलं देतात. भौतिक आणि रासायनिक बदल त्यांच्या डोक्यात वेगळे झालेले नाहीत असं समजा.)

२. हायड्रोजनचे दोन सुटे अणू आणि हायड्रोजनचा एक रेणू, दोन्हींची गोळ्यांची चित्रं काढा. (समीकरण बिनचूक संतुलित करणारी मुलंही इथे अडखळतात. अंक पुढे लिहिला काय आणि खाली लिहिला काय, त्यांच्या लेखी सारखंच असतं.)

३. कॅल्शियम क्लोराइडचं सूत्र लिहा.

४. ३६ ग्रॅम पाणी म्हणजे किती मोल? (नववीत 'द्रव्याचे मोजमाप' मध्ये हे येऊन गेलेलं असतं. उत्तर दोन.)

५. ०.००४५ ही संख्या दहाच्या घातात लिहा.

६. घनता म्हणजे वस्तुमान भागिले आकारमान. यावरून आकारमानाचं सूत्र काढा.

७. अकरावीच्या पुस्तकातला चार ओळींचा एक परिच्छेद छापून द्या. न कळलेल्या शब्दांखाली रेघ मारायला सांगा.

पेपर तपासताना गुण मोजू नका, गठ्ठे करा. पाचवा-सहावा चुकलेला गणिताच्या गठ्ठ्यात, सातव्यात रेघाच रेघा असलेला भाषेच्या, पहिले चार चुकलेला रसायनाच्या. काही मुलं दोन गठ्ठ्यांत येतील. "केमिस्ट्रीत कच्चा" असा शिक्का बसलेल्यांपैकी किती जण खरं तर घातांकात किंवा इंग्रजी वाक्यात अडकलेत, ते इथे दिसतं. तिघांना लागणारी मदत वेगवेगळी आहे. सगळ्यांना एकच एक्स्ट्रा लेक्चर लावून ती मिळत नाही.

अपेक्षांचं एक पान

चाचणीनंतरच हे पान लिहायला घ्या. एका बाजूला मराठी, मागे इंग्रजी. सात-आठ ओळींपेक्षा जास्त नको. प्रत्येक ओळ अशी असावी की ती पाळली गेली की नाही, हे मुलाला स्वतःला वही उघडून ठरवता यावं.

"नियमित अभ्यास करा" ऐवजी असं लिहा: "ज्या दिवशी तास झाला त्याच दिवशी २० मिनिटं. वर्गात सोडवलेलं उदाहरण उत्तर झाकून पुन्हा सोडवा. जिथे अडाल त्या ओळीसमोर पेन्सिलीने प्रश्नचिन्ह."

"लक्ष द्या" ऐवजी: "न कळलेला शब्द समासात लिहा, तासाच्या शेवटच्या पाच मिनिटांत विचारा. मराठीत विचारलं तरी चालेल."

"प्रॅक्टिकलची तयारी करून या" ऐवजी: "लॅबला येण्याआधी वहीत चार ओळी: आज काय मोजायचं, कोणती रसायनं, त्यातलं धोक्याचं कोणतं, रंग कुठून कुठे बदलणार."

त्याच पानावर खाली आपली बाजूही लिहा. चाचणीचे पेपर आठवड्याच्या आत परत मिळतील. अमुक वारी अमुक वेळेला शंकांसाठी मी स्टाफरूममध्ये असेन. प्रश्न विचारला म्हणून कुणाची टर उडवली जाणार नाही, मी उडवणार नाही आणि वर्गालाही उडवू देणार नाही. हे छापून दिलं की ते पाळावं लागतं, म्हणून काही सहकारी याला तयार नसतात. पण मुलांनी शिस्त पाळावी असं वाटत असेल, तर आपलीही बाजू कागदावर हवी. पालकांची सही घेऊन फाइलला लावण्यापेक्षा पान वर्गात मोठ्याने वाचलेलं आणि प्रत्येक ओळीवर "हे कसं करायचं?" असं विचारू दिलेलं जास्त उपयोगी.

भाषेचा गठ्ठा

मराठी माध्यमाच्या मुलाला रसायन येत असतं, पण ते त्याच्याकडे वेगळ्या नावांनी असतं. संयुजा त्याला माहीत असते, व्हॅलन्सी म्हटलं की तो गप्प होतो. उत्प्रेरक, क्षपण, द्रावक, द्राव्य, आम्लारी हे सगळं त्याच्याजवळ असतं.

म्हणून प्रकरण सुरू करण्याआधी त्यातले आठ-दहा शब्द जोडीने फळ्यावर लिहा: रिडक्शन म्हणजे क्षपण, कॅटॅलिस्ट म्हणजे उत्प्रेरक, सोल्यूट म्हणजे द्राव्य, बेस म्हणजे आम्लारी, सॉल्ट म्हणजे क्षार. मुलांनी वहीच्या शेवटच्या पानांवर ही यादी वाढवत न्यायची. तिसऱ्या रकान्यात त्या शब्दाचं एक इंग्रजी वाक्य, पुस्तकातलंच. नुसते शब्द पाठ होतात आणि परीक्षेत वाक्य काही बनत नाही, म्हणून तिसरा रकाना सोडू नका.

काही शब्द इंग्रजीवाल्यांनाही फसवतात. 'स्ट्राँग' आणि 'कॉन्सन्ट्रेटेड' आम्ल त्यांना एकच वाटतं. हायड्रोक्लोरिक आम्ल कितीही पातळ केलं तरी ते तीव्रच राहतं आणि ॲसिटिक आम्ल कितीही संहत असलं तरी सौम्यच, हे स्वतंत्र सांगावं लागतं. 'स्पॉन्टेनियस' म्हणजे झटपट होणारी अभिक्रिया, असंही घट्ट बसलेलं असतं. खोलीच्या तापमानाला हिऱ्याचं ग्रॅफाइट होणं हा स्पॉन्टेनियस, म्हणजे आपोआप घडू शकणारा, बदल आहे, पण तो इतका सावकाश होतो की कुणाच्या अंगठीतला हिरा काळा पडत नाही. हे उदाहरण दिलं की शब्द सुटतो. तसंच 'इक्विलिब्रियम'. तिथे दोन्ही बाजूंचे पदार्थ समान झाले किंवा अभिक्रिया थांबली, असं मुलं धरून चालतात. समान झालेले असतात ते दोन्ही दिशांचे वेग.

शिकवताना समजावणं मराठीत आणि फळ्यावर लिहिणं इंग्रजीत, हा मार्ग मला सगळ्यात बरा वाटतो. पण लिहिणं मुलांच्या हातूनही व्हायला हवं. तासाच्या शेवटी एक वाक्य मराठीत सांगा आणि सगळ्यांना ते इंग्रजीत लिहू द्या. व्याकरण तपासत बसू नका. रसायन बरोबर आहे ना, एवढंच पाहा.

प्रश्नातली क्रियापदंही शिकवावी लागतात. डिफाइन म्हटलं की एक-दोन वाक्यं. डिराइव्ह म्हटलं की सुरुवातीच्या समीकरणापासून प्रत्येक पायरी. डिस्टिंग्विश म्हटलं की समोरासमोर मुद्दे, दोन वेगळे परिच्छेद नव्हेत. गिव्ह रीझन्स म्हटलं की घडतं काय ते न सांगता, का घडतं ते. ही चार क्रियापदं एकदा उदाहरणांसह करून दाखवली, की मुलांचे हकनाक जाणारे गुण वाचतात.

गणिताचा गठ्ठा, आणि लॉग टेबल

बोर्डाच्या पेपरला कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबल (लॉगॅरिदमच्या किंमतींचं छापील कोष्टक) चालतं. बारावीला सोल्यूशन्स, आयॉनिक इक्विलिब्रिया, थर्मोडायनॅमिक्स, इलेक्ट्रोकेमिस्ट्री आणि कायनेटिक्स ही पाच प्रकरणं ओळीने येतात, आणि पाचांतही आकडेमोड आहे. लॉग टेबल गणिताच्या सरांनी शिकवलं असेल असं आपण धरतो, रसायनाचे सर शिकवतील असं ते धरतात. अकरावीच्या पहिल्या सत्रातच आठवड्याला दहा मिनिटं यासाठी बाजूला काढा.

सुरुवात पीएचपासून करा, कारण तिथे उत्तर पडताळता येतं. ०.०२ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल घ्या. हायड्रोजन आयनांची संहती २ × १०⁻². दोनचा लॉग ०.३०१०. पीएच म्हणजे २ वजा ०.३०१०, म्हणजे १.६९९. आता उलट जा. पीएच ३.४ असेल तर संहती किती? इथे वर्ग थांबतो, कारण वजा ३.४ चा अँटिलॉग टेबलात सापडत नाही. पायरी अशी दाखवा: वजा ३.४ म्हणजे वजा ४ अधिक ०.६, म्हणजे बार ४ पॉइंट ६. ०.६ चा अँटिलॉग ३.९८१. म्हणून उत्तर ३.९८१ × १०⁻⁴. दशांशाचा भाग नेहमी धन ठेवायचा, एवढं एक सूत्र हातात आलं की निम्मी भीती जाते.

उदाहरण मांडण्याची एकच पद्धत वर्षभर ठेवा. दिलेलं, विचारलेलं, सूत्र, किंमती एककांसह, उत्तर एककासह. समजा, ४.९ ग्रॅम सल्फ्युरिक आम्ल २५० मिलिलिटर द्रावणात आहे, मोलॅरिटी काढा. मोलर वस्तुमान ९८, म्हणून ०.०५ मोल. २५० मिलिलिटर म्हणजे ०.२५ लिटर. ०.०५ भागिले ०.२५, उत्तर ०.२ मोल प्रति लिटर. जो मुलगा मिलिलिटरचं लिटर करत नाही त्याचं उत्तर ०.०००२ येतं. त्याला चूक दाखवून मोकळं होऊ नका. "पाव लिटरमध्ये ०.०५ मोल आहे, तर एका लिटरमध्ये त्याहून कमी कसं निघेल?" असं विचारा. उत्तर शक्य आहे का हे एकदा पाहायची सवय लागली की ती सीईटीलाही उपयोगी पडते.

मांडणीची सक्ती का, हेही मुलांना सांगा. पेपर तपासताना टप्प्यांना गुण असतात. शेवटी आकडा चुकला तरी सूत्र आणि किंमती लिहिलेल्या असल्या की हाती काही लागतं. नुसतं उत्तर लिहिणारा हुशार मुलगा तेच गुण घालवून बसतो.

लॅब

खरी अपेक्षा आणि खरा आधार दोन्ही इथे कसाला लागतात, म्हणून यावर जरा जास्त लिहितो. बारावीला १०० पैकी ३० गुण प्रात्यक्षिकाचे. तरीही बऱ्याच ठिकाणी अकरावीची प्रॅक्टिकल्स ओळखीपुरती होतात आणि जर्नल जानेवारीत एका बैठकीत उतरवलं जातं.

सुरक्षेचे नियम कारणासकट सांगा, नाहीतर ते शाळेच्या गणवेशाच्या नियमांसारखे वाटतात. पाण्यात आम्ल ओतायचं, आम्लात पाणी नाही, कारण संहत सल्फ्युरिक आम्लात पाणी पडलं की एवढी उष्णता निघते की द्रावण उकळून अंगावर उडतं. तोंडाने पिपेट ओढायचं नाही, रबरी बल्ब वापरायचा. ओढणी खोचलेली आणि केस बांधलेले हवेत, कारण बर्नर पेटलेला असतो. डोळ्यात काही गेलं तर वाहत्या पाण्याखाली निदान १५ मिनिटं, आणि मग डॉक्टर. आम्ल गेलं म्हणून डोळ्यात सोडा घालायचा नाही. भाजलं तर गार वाहतं पाणी, टूथपेस्ट नाही. पहिल्याच प्रॅक्टिकलला प्रत्येक बॅचला नळ, वाळूची बादली, अग्निशामक आणि बाहेरचं दार प्रत्यक्ष चालत जाऊन दाखवा.

लॅबमधले मामा, म्हणजे आपले प्रयोगशाळा परिचर, यांचं ऐकायचं, हीसुद्धा अपेक्षांच्या पानावर एक ओळ असावी. कुठली बाटली गळते आणि कुठला बर्नर भडकतो हे त्यांना आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असतं.

आता पोटॅशियम परमँगनेटचं टायट्रेशन (एक द्रावण दुसऱ्यात थेंब थेंब सोडून संहती काढणं) घ्या. मुलांना कृती पाठ असते, कारणं नसतात, आणि व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेत, एक्सटर्नल (बाहेरचे परीक्षक) कारणंच विचारतात. लॅबमध्ये हात चालू असताना ती सांगा. वेगळा दर्शक (अभिक्रिया पुरी झाल्याचं रंगाने दाखवणारा पदार्थ) का घालत नाही? परमँगनेटच स्वतःचा दर्शक आहे, शेवटी एक थेंब जास्त झाला की फिकट गुलाबी रंग टिकतो. हायड्रोक्लोरिक आम्ल का चालत नाही? परमँगनेट क्लोराइडचंही ऑक्सिडीकरण करून क्लोरीन सोडतं, मग रीडिंग वाढतं. नायट्रिक का नाही? ते स्वतःच ऑक्सिडीकारक. म्हणून विरल सल्फ्युरिक. ऑक्झॅलिक आम्ल ६० ते ७० अंशांपर्यंत गरम करतो, कारण थंडीत ही अभिक्रिया फार मंद असते. मोहरचं लवण (फेरस अमोनियम सल्फेट) मात्र गरम करायचं नाही, त्यातलं फेरस हवेतल्या ऑक्सिजनने फेरिक होऊ लागतं. ब्युरेटमधलं द्रावण गडद असल्याने खालची कड दिसत नाही, म्हणून वरच्या कडेचं रीडिंग घ्यायचं. ऑक्झॅलिक आम्लात पहिल्या थेंबाचा रंग जायला वेळ का लागतो आणि नंतर झरझर का जातो? तयार होणारे मँगनीज आयनच पुढच्या अभिक्रियेचे उत्प्रेरक होतात. रंग जात नाही म्हणून मुलं घाबरून जास्त सोडतात आणि रीडिंग बिघडतं, ते याच जागी.

लॅबमधली माझी पहिली अपेक्षा प्रामाणिक रीडिंगची. तिन्ही रीडिंग्ज अगदी सारखी, १०.०, १०.०, १०.०, अशी जर्नलमध्ये दिसली की समजावं, दोन घरी केलेली आहेत. पण हा खोटेपणा मुलं शिकतात ते आपल्याकडूनच, "बरोबर" रीडिंगला गुण देण्याच्या सवयीतून. म्हणून निरीक्षणाचा तक्ता लॅबमध्येच, पेनने भरायचा. चुकलं तर एक रेघ मारून शेजारी नवीन लिहायचं. निघण्याआधी आपली सही त्या तक्त्यावर, त्याच दिवशी. आणि गुण हाताळणी, नोंद आणि गणित यांना. रीडिंग वेगळं आलं तर "का आलं असेल?" याचं एक वाक्य लिहिणाऱ्याला कमी गुण देऊ नका.

बॅच मोठी आणि ब्युरेट कमी, हे सगळीकडेच आहे. मग एक जण ब्युरेट धरतो आणि तिघं वर्षभर नोंदी करतात. बहुतेक वेळा धरणारा मुलगा आणि लिहिणाऱ्या मुली. भूमिका फिरत्या ठेवा आणि कुणी काय केलं ते जर्नलच्या वरच्या कोपऱ्यात लिहायला लावा. महिन्याच्या शेवटी कोपरे चाळले की ब्युरेटला अजून हात न लागलेली मुलं लगेच सापडतात.

आणखी एक गोष्ट सहसा कुणी पाहत नाही. वर्गात एखाददुसरा मुलगा लाल-हिरव्यात गोंधळणारा असू शकतो. रंगांधत्व मुलग्यांत मुलींपेक्षा बरंच जास्त आढळतं. मिथिल ऑरेंज या दर्शकाचा अंत्यबिंदू (रंग बदलतो ती जागा) त्याला दिसतच नाही, आणि आपण त्याला निष्काळजी ठरवतो. सॉल्ट ॲनालिसिसमध्येही (दिलेला क्षार ओळखण्याच्या प्रयोगात) ज्योतीच्या आणि अवक्षेपांच्या रंगांवर त्याची गाडी अडते. अशा मुलाला बाजूला घेऊन विचारा, सगळ्यांसमोर नको. खाली पांढरी टाइल, शेजारी अंत्यबिंदू झालेला एक नमुना फ्लास्क, रंग सांगायला जोडीदार आणि असेल तर पीएच मीटर, एवढ्याने त्याचं काम चालतं. बोर्डाच्या प्रॅक्टिकलआधी प्राचार्यांमार्फत कळवायचं असेल तर ते वेळेत करावं.

अडल्यावर काय

"कळलं का?" या प्रश्नाला वर्ग नेहमी "हो" म्हणतो. त्याऐवजी तासाच्या शेवटी एक छोटा प्रश्न टाका आणि चिठ्ठीवर उत्तर घ्या, नाव ऐच्छिक. दहा मिनिटांत चिठ्ठ्या चाळून होतात आणि उद्याचा तास कुठून सुरू करायचा ते कळतं.

शंकेची वेळ कॉलेज सुटल्यानंतर ठेवू नका. एसटीने येणाऱ्या मुलांची गाडी असते, पुढची गाडी अंधारात पोचवते, आणि मुलींना तर घरूनच परवानगी नसते. मग ज्यांना सगळ्यात जास्त गरज आहे तेच येत नाहीत, आणि आपण म्हणतो "मुलांना इंटरेस्टच नाही." मधली सुट्टी किंवा रिकामा तास, आठवड्यातून दोनदा, ठरलेल्या वारी. वर्गाच्या दाराला कागद चिकटवा.

शंका कशी विचारायची हेही शिकवा. "सर, हे उदाहरण येत नाही" असं आलं, तर "कुठपर्यंत आलास ते लिहून आण" असं सांगा. निम्म्या शंका लिहितानाच सुटतात, उरलेल्या नेमक्या होतात. व्हॉट्सॲप ग्रुप असेल तर त्याची वेळ ठरवा, रात्री अकराला उत्तर द्यायला आपण बांधील नाही. आणि सूचना फक्त ग्रुपवर टाकू नका. घरात एकच फोन असतो आणि तो वडिलांबरोबर शेतात किंवा कामावर गेलेला असतो.

हुशार मुलांना कच्च्या मुलांच्या गळ्यात बांधून "तू याला शिकव" म्हणू नये. तीन-चार जणांचा गट करून त्यांना एक उदाहरण चुकीचं सोडवून द्या आणि चूक शोधायला लावा. त्यात सगळ्यांना काम असतं.

चाचणी आणि तिच्यानंतर

बोर्डाच्या लेखी पेपरचा साचा मुलांना पहिल्या सत्रातच समजावून द्या. ७० गुण, ३ तास. दहा बहुपर्यायी आणि एकेका गुणाचे आठ प्रश्न सक्तीचे. त्यानंतर दोन गुणांचे बारापैकी आठ, तीन गुणांचे बारापैकी आठ, चार गुणांचे पाचपैकी तीन. म्हणजे पर्याय भरपूर आहेत. पास व्हायला धडपडणाऱ्या मुलाला याचा फार आधार वाटतो. सोळाच्या सोळा प्रकरणं अर्धवट करण्यापेक्षा आधी आठ नीट कर, असं त्याला सांगता येतं. मात्र ही सूट सगळ्या वर्गाला जाहीर करू नका.

पेपर परत दिल्यावर गुणांची बेरीज तपासण्याखेरीज मुलं काही करत नाहीत. त्यांना प्रत्येक चुकीसमोर एक अक्षर लिहायला लावा: माहीत नव्हतं तर 'म', माहीत होतं पण लिहिता आलं नाही तर 'ल', आकडेमोड चुकली तर 'आ'. मग चुकलेले तीन प्रश्न पुन्हा सोडवून आणले तर गेलेल्या गुणांचे निम्मे परत. हे गुण अंतर्गत नोंदीपुरतेच असले, तरी मुलं त्यासाठी पेपर पुन्हा उघडतात.

अकरावी म्हणजे विश्रांतीचं वर्ष, ही समजूतही इथेच मोडायला हवी. एमएचटी-सीईटीला साधारण २० टक्के भाग अकरावीवर असतो. तिथे रसायनाचे ५० प्रश्न, भौतिकशास्त्राच्या ५० सोबत मिळून ९० मिनिटं, चुकीला गुण कापत नाहीत. हिशोब केला तर प्रश्नाला मिनिटही मिळत नाही. बोर्डाच्या सविस्तर उत्तरांची आणि या वेगाची तयारी वेगवेगळी करावी लागते. क्लासला सीईटी होतं आणि बोर्ड राहतं, ही तक्रार खरी आहे. बाहेरच्या क्लासशी करार करून फक्त प्रॅक्टिकलपुरते उगवणारे 'इंटिग्रेटेड' विद्यार्थी सगळीकडेच आहेत. त्यांच्याशी भांडण्यात मला अर्थ वाटत नाही. लेखी उत्तरं आणि लॅब या दोन गोष्टी क्लासमध्ये होत नाहीत, एवढं त्यांना दाखवून द्या. आपला आग्रह तेवढ्यापुरता ठेवा.

पालक, सवलती आणि मन

पालकसभेत आई-वडील सांगतात, "आम्हाला त्यातलं काही कळत नाही." त्यांना रसायन कळायची गरज नाही. त्यांच्या हाती तीन प्रश्न द्या: आज वहीत प्रश्नचिन्ह कुठे केलंस? ते कुणाला विचारणार? प्रॅक्टिकलच्या चार ओळी लिहिल्यास का? शेजारच्या मुलाचे टक्के मात्र विचारू नका, असंही हळूच सांगून ठेवा.

अध्ययन अक्षमता, दृष्टिदोष किंवा इतर दिव्यांगत्व असलेल्या मुलांना बोर्डाच्या सवलती आहेत. दर तासाला २० मिनिटं जादा वेळ, गरजेनुसार लेखनिक. पण प्रमाणपत्र आणि अर्ज वेळेत लागतात. परीक्षेच्या तोंडावर धावपळ केली तर हाती काही लागत नाही, म्हणून अकरावीतच पालकांना कागदपत्रांच्या कामाला लावा.

एकदम गप्प झालेला, सलग प्रॅक्टिकल बुडवणारा, चांगला लिहिणारा असून कोरा पेपर देणारा मुलगा दिसला, तर तो हजेरीचा प्रश्न समजू नका. बाजूला बसवून जेवणाखाण्याची, झोपेची चौकशी करा आणि घरी कळवा. टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मोफत आहे. क्रमांक लॅबच्या फलकावर लावून ठेवावा. बोलणं मराठीत करता येतं.

आणि काही मुलं खरोखरच चुकून सायन्सला आलेली असतात. मामा म्हणाला म्हणून, नाहीतर ८५ टक्के मिळाले म्हणून. शाखा बदलायची मुदत कधी संपते ते ऑफिसातून आधीच विचारून ठेवा. पहिल्या चाचणीनंतर अशा मुलाशी आणि त्याच्या घरच्यांशी बोला, कारण मुदत गेल्यावर काढलेल्या या विषयाचा त्याला काहीच उपयोग होत नाही.